मरळीचा नवस

एका तळ्याकाठी मासे धरणाऱ्या भोयांची वस्ती होती. त्या वस्तीत वाल्हाबाई नावाची एक बाई राहायची. देवीला दिलेला शब्द तिनं कधी मोडला नव्हता. सोमवार असो, शुक्रवार असो, चतुर्थी असो, जे धरलं ते तिनं शेवटाला नेलं. उपास करताना तिचं तोंड कधी आंबट झालं नाही, आणि उद्यापनाला वाढताना हात कधी आखडला नाही. बायका म्हणायच्या, "वाल्हाबाई बोलली म्हणजे देवीनं गाठ मारून ठेवली."

तिची सून मैना. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. वाल्हाबाई सुनेला कधी टोचून बोलली नाही. ती सरळ तळ्याकाठच्या पाणजाईच्या देवळात गेली, पदर पसरला आणि म्हणाली, "आई, माझ्या मैनेची कूस उजव. तुझा मरळीचा नवस मी पुरा फेडीन."

हा मरळीचा नवस त्या वस्तीत फार जुना. मरळ म्हणजे तळ्यातला वाघच म्हणा ना. काळी, लांब, जाड मानेची. बारीक मासे गिळून गिळून वाढायची आणि वर्षानुवर्षं जगायची. नवसाचा नेम असा होता, की बाईला पाचवा महिना लागला की दर शुक्रवारी जाळ्यात आलेली सगळ्यात थोरली मरळ तिच्याच ताटात पडायची. दुसऱ्या कुणी तिला बोट लावायचं नाही. मरळ जितकी जुनी, तितकं बाळाचं आयुष्य मोठं, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. बारशाच्या दिवशी साऱ्या वस्तीला जेवण घालायचं, म्हणजे नवस फिटला. ज्यांची एवढी ऐपत नसायची, ते लांबूनच हात जोडायचे.

नवसाची देखरेख ठकूअक्काकडे होती. ठकूअक्का वस्तीतली जाणती बाई. कुठली मरळ कुठल्या घरी जायची हे तिच्या शब्दावर ठरायचं. तिच्या सुनेनंही हा नवस केला होता. पण तिची नात तुळसा चार मुलांसारखी झाली नाही. ती उशिरा बसली, उशिरा चालली. वाटी तोंडाशी नेताना तिचा हात थरथरायचा आणि अर्धी पेज अंगावर सांडायची. वस्तीत अशी आणखीही दोनतीन मुलं होती. ठकूअक्का म्हणायची, "नवसात कसूर राहिली. मरळ लहान पडली असणार." म्हणून त्यानंतर तिनं एकेका बाईला दोनदोन मरळी द्यायला सुरुवात केली.

देवी पावली. मैनेला दिवस गेले. वाल्हाबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. पाचवा महिना लागला आणि पहिल्या शुक्रवारी मैनेच्या ताटात हातभर लांबीची मरळ आली. वाल्हाबाईनं स्वतः काटे काढून एकेक घास भरवला.

त्याच सुमाराला पाणजाईच्या मुखवट्यावरचं सोनं झिजलं होतं. मुलामा द्यायला वरच्या पेठेतून मोरोबा सोनार आला. देवळाच्या ओसरीवर त्यानं शेगडी पेटवली. पाऱ्यात सोनं कालवलं, तो लेप मुखवट्याला लावला आणि मुखवटा विस्तवावर धरला. पारा उडाला, सोनं चिकटून राहिलं. देवी पुन्हा झळकली. वाल्हाबाईनं त्याला तांब्याभर ताक आणून दिलं. मोरोबानं तांब्या उचलला, तसा त्याचा हात थरथरू लागला आणि ताक धोतरावर सांडलं.

वाल्हाबाई हसली. "सोनारदादा, ताक आहे हो, ताडी नाही!"

मोरोबाही हसला. "बाई, हा पाऱ्याचा प्रसाद. आमच्या पेठेत चाळिशी उलटली की सगळ्यांचे हात असे नाचायला लागतात. एकदा अंगात शिरला की बाहेर निघायचं नाव घेत नाही तो."

वाल्हाबाईचं हसू तिथंच विरलं. असा नाचणारा हात तिनं पाहिला होता. रोज पाहत होती. तुळसाचा.

मोरोबा लेपाचं भांडं घेऊन तळ्याकडे निघाला. तिनं विचारलं, "कुठं चाललात?"

"भांडं विसळायला. पेठेत तर आम्ही ओढ्यातच धुतो. आजा धुवायचा, बाप धुवायचा, मीही धुतो."

पेठेतून वाहत आलेला तो ओढा याच तळ्याला मिळत होता. वाल्हाबाईनं पुढं होऊन त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "इथं नाही," ती म्हणाली. तिनं घरातून मडकं आणलं, धुवण त्यात ओतायला लावलं आणि मडक्याचं तोंड मातीनं लिंपून टाकलं. मोरोबा निघाला तेव्हा तिनं त्याला विचारून घेतलं, "दादा, पारा विस्तवावर उडतो ना? मग मासळीच्या अंगात गेलेला कालवण उकळताना उडून जाईल की?"

मोरोबानं मान हलवली. "भांड्यावरचा उडतो, बाई. अंगात मुरलेला नाही. तसं असतं तर मी रोज शेगडीपाशीच बसतो, माझ्या हाताचं थरथरणं केव्हाच थांबलं असतं."

तो शुक्रवार होता. संध्याकाळी ठकूअक्काकडून मरळ आली. वाल्हाबाई विळी घेऊन बसली. मरळीचं पोट चिरलं, तर आत एक मासा निघाला. त्या माशाच्या पोटात आणखी एक, करंगळीएवढा. आजवर तिनं अशी किती पोटं चिरली होती! आतलं घाण म्हणून मांजरीपुढं टाकलं होतं. आज पहिल्यांदा तिचा हात थबकला. बारीक मासळीनं ओढ्यातलं कणभर घेतलं. तिला मोठ्या माशानं गिळलं. तशा कितीतरी माशांना मरळीनं गिळलं, एक दिवस नाही, सारा जन्म. सगळ्यांचं सगळं मरळीत साठलं. आता मरळीला मैना खाणार. आणि मैनेच्या पोटात तर सगळ्यात बारीक जीव.

मरळ दिसायला ताजी होती. डोळे चकचकीत, कल्ले लाल, वास चांगला. तिनं तुकडा चिंचेच्या कोळात बुडवून पाहिला, हळद चोळून पाहिली. काहीच वेगळं दिसेना. दिसत नाही त्याला धुणार तरी कसं? वाल्हाबाई उठली आणि परसात खड्डा करून तिनं मरळ पुरून टाकली.

मैना म्हणाली, "आत्याबाई, नवसाची मरळ पुरलीत?"

"पुरली. आजपासून या घरात मासळी बंद."

पण भोयाच्या घरात मासळी बंद म्हणजे चुलीला सुतकच. मैना भाकरी पुढ्यात घेऊन नुसती बसून राहायची. तिचे गाल बसले. पाण्याचा हंडा उचलताना तिला घेरी यायला लागली. एक दिवस ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आत्याबाई, खायला नको, वास तरी येऊ द्या. शेजारी मासळी तळतात तेव्हा मी भिंतीला नाक लावून बसते." वाल्हाबाई आधी हसली, मग तिनं पदरानं मैनेचे डोळे पुसले. विषाच्या भीतीनं आपण पोरीला उपाशी ठेवत आहोत की काय, असं तिला वाटू लागलं.

दुसरंही एक तिला खात होतं. दर शुक्रवारी मरळ यायची आणि ती गुपचूप पुरायची. नवस मोडला हे एक, आणि तो लपवला हे दुसरं. देवळात गेली की देवीच्या नव्या झळकत्या मुखवट्याकडे पाहायला तिला धीर होत नव्हता.

सातव्या महिन्यात मैनेचं डोहाळजेवण झालं. मैनेला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली आणि पाटावर बसवली. बायकांची तोंडं सुटली. अशा वेळी आपापल्या डोहाळ्यांच्या गोष्टी निघायच्याच. वाल्हाबाईनं मनाशी काही ठरवलं होतं. ओटी भरता भरता ती एकेकीला विचारू लागली, "तुला गं कशाचे डोहाळे लागले होते? तू काय खाल्लंस पोटुशी असताना?"

"मला बाई चुलीची भाजकी माती! सासू म्हणायची, घर राहील की नाही कुणास ठाऊक!"

"मी चिंचा खाल्ल्या, कच्च्या. नवऱ्याचे दात आंबले नुसतं माझ्याकडे बघून."

"आणि मासळी?" वाल्हाबाई विचारायची. "मासळी कुठली खाल्लीस?"

कोपऱ्यात चंपा बसली होती. तिचं घर वस्तीतलं सगळ्यात गरीब. ती म्हणाली, "आमच्या घरी कुठला आलाय नवस, वाल्हाकाकू! जाळं झटकल्यावर जी बोटभर मासळी खाली पडते ना, तीच आमच्या वाट्याची. कांद्यात परतायची आणि काट्यासकट चावून खायची. चारी बाळंतपणं त्याच्यावरच झाली."

"आणि पोरं कशी आहेत तुझी?"

ती बोलायच्या आधीच बायका खो-खो हसल्या. "तिची पोरं? वानरं आहेत नुसती! काल माझ्या कौलावर होती!"

"माझ्या पेरूच्या झाडावरून उतरतच नाहीत!"

वाल्हाबाई हसली नाही. तिनं पुढच्या बाईला विचारलं, मग तिच्या पुढचीला. ज्यांनी बारीक मासळी खाल्ली, त्यांची पोरं तरतरीत. ज्यांच्या घरी नवस झाला, त्या बायका मुलांचा विषय निघाला की पदर सारखा करू लागायच्या. एखादं नवसाचं मूल चांगलंही होतं, नाही असं नाही. पण जिला ठकूअक्कानं हट्टानं दोनदोन मरळी दिल्या होत्या, तिचं लेकरू अजून मानसुद्धा धरत नव्हतं. त्या बाईनं मैनेच्या ओटीत खण घातला आणि डोळे पुसले.

वाल्हाबाईला जे हवं होतं ते कळलं. मासळी वैरी नाही. वैरी आहे ते मासळीत साठलेलं, आणि ते साठतं थोरल्यात, जुन्यात, दुसऱ्यांना गिळून वाढलेल्यात.

दुसऱ्याच दिवशी तिनं चंपाकडून ओंजळभर बारीक मासळी आणली, कांद्यात परतली आणि मैनेपुढं ठेवली. मैनेनं ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. तिच्या तोंडावर रंग आला. मग वाल्हाबाई स्वतःशीच म्हणाली, "आता लपवायचं नाही."

पुढच्या शुक्रवारी हलगीचा आवाज आला. तळ्यात आजवर कुणी पाहिली नव्हती एवढी मरळ सापडली होती. दोन माणसांनी घमेलं धरलं होतं आणि पाण्यात ती अजून शेपटी आपटत होती. पुढं ठकूअक्का, मागं सारी वस्ती. दारात येऊन ठकूअक्का म्हणाली, "वाल्हे, नशीब काढलंस. हिची मान बघ केवढी जाड. माझ्या आजीच्या वेळची असेल!"

वाल्हाबाईनं दोन्ही हात जोडले. "अक्का, ही मरळ मला नको. माझी मैना ही खाणार नाही."

हलगी थांबली.

वाल्हाबाईनं सगळं सांगितलं. ओढा, पारा, पोटातला मासा, डोहाळजेवणात ऐकलेलं. मागच्या मरळी आपण पुरल्या, हेही सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. एक जण म्हणाला, "अहो, तळं एवढं मोठं! चमचाभर पाऱ्यानं काय होतंय?" ती म्हणाली, "चमचाभर तळ्यात. पण मरळीनं सारं तळं आपल्या पोटात आणलं, भाऊ."

ठकूअक्काचा चेहरा लाल झाला. "देवीला दिलेला शब्द कधी न मोडणारी तू! आणि नातवंडाच्या तोंडचा घास काढतेस? बाळाला काही झालं म्हणजे?"

"झालं तर माझ्यावर येऊ दे."

"पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ही मरळ खाल्ली. त्या सगळ्या खुळ्या होत्या? आणि मी?" ठकूअक्काचा आवाज चिरकला. "मग माझ्या तुळसाला मी काय भरवलं? बोल ना! काय भरवलं मी?"

वाल्हाबाई उंबरठा उतरून खाली आली. तिनं ठकूअक्काचा हात हातात घेतला.

"माया भरवलीस, अक्का. तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. आज भरवलं तर त्याला माया म्हणता येणार नाही."

ठकूअक्कानं हात झटकला आणि ती पाठ फिरवून निघून गेली. "पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवला तर माझं नाव बदल," एवढं बोलून गेली.

वाल्हाबाईनं त्या दोघांकडून घमेलं तळ्यापर्यंत नेववलं आणि मरळ पाण्यात सोडली. "जा बाई, तुझं म्हातारपण तुला लखलाभ." मग ती देवळात शिरली. आज तिनं मुखवट्याकडे सरळ पाहिलं. "आई," ती म्हणाली, "मी बाळाला आयुष्य मिळावं म्हणून बोलले होते. ते बोलणं मी मोडत नाही, घास बदलते. कमी पडेल ते माझ्याकडून घे. ओढा निवळेपर्यंत माझ्या जिभेला मासळी लागणार नाही." भोयाच्या बाईनं मासळी सोडणं म्हणजे काय, हे भोयालाच माहीत.

मग ती गप्प बसली नाही. चंपाला आणि आणखी तिघीचौघींना घेऊन ती पेठेत गेली. सोनार आधी हसले. वाल्हाबाई त्यांच्या ओसरीवर बसून राहिली. "तुमचे हात नाचतात, आमच्या पोरांचेही नाचतात. एकाच ओढ्यानं बांधलोय आपण," ती म्हणाली. मोरोबानं तिची बाजू घेतली. धुवण रांजणात साठवून खाली बसलेला पारा पुन्हा वापरता येतो, हे त्यानं करून दाखवलं. दुसऱ्याची पोरं कुणाला कळोत न कळोत, पारा महाग असतो हे सोनारांना चांगलं कळत होतं. एकेक दारात रांजण आला. शेवटच्या दारात यायला मात्र फार दिवस गेले, आणि वाल्हाबाईला फार खेपा पडल्या.

वस्तीत पुष्कळ जणांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. बाळाला काय होतं ते बघू, असं म्हणत सगळे वाट पाहत होते. खरं सांगायचं तर वाल्हाबाईही वाट पाहत होती. मैनेच्या पोटात आधी गेलेली मरळ तिला विसरता येत नव्हती. मैना बाळंत झाली. मुलगी झाली. वाल्हाबाई दिव्याची वात बाळापुढं धरून हलवायची आणि डोळे वातीमागं फिरतात का ते बघायची. डोळे फिरले. बोट तळव्यात दिलं की मुठीत घट्ट धरलं. मुलगी वेळेवर बसली, वेळेवर उभी राहिली, आणि एक दिवस रांगत जाऊन तिनं पिठाचा डबा अंगावर पालथा करून घेतला. घरभर पीठ झालं. मैना ओरडायला लागली, तर वाल्हाबाई म्हणाली, "ओरडू नकोस गं! सांडू दे! दोन्ही हातांनी कसा ओढला बघ तरी!"

काही काळ गेला. एका शुक्रवारी दुपारी दारात सावली पडली. ठकूअक्का उभी होती. तिच्यामागं तिची धाकटी लेक, माहेरी बाळंतपणाला आलेली. ठकूअक्काला उंबरठा ओलांडवेना. ती खाली बघूनच म्हणाली, "वाल्हे, माझं नाव बदल हवं तर. पण आधी सांग, हिला काय घालू खायला?"

वाल्हाबाईनं मागचं एक अक्षर काढलं नाही. तिनं पाट मांडला, बारीक मासळीनं भरलेलं सूप पुढं ओढलं आणि म्हणाली, "बस आधी. दोघी मिळून निवडू, म्हणजे लवकर होईल. पोरीला भूक लागली असेल."

दोघी जणी समोरासमोर बसल्या आणि मासळी निवडू लागल्या.

तात्पर्य इतकंच: घास मायेचा असला तरी तो कुठून आला हे विचारून भरवावा. आणि तो बाधतो असं कळलं, तर जुना नेम बाजूला ठेवून ताटातून काढून घ्यायला कचरू नये. आधी ठाऊक नव्हतं म्हणून झाली ती चूक देव पोटात घालतो; ठाऊक झाल्यावर केलेली घालत नाही.